डेव्हऑप्सच्या नावाखाली उभे राहिलेले एकखांबी तंबू

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आयटी क्षेत्राविषयी वर्तमानपत्रांत बातम्या येतात त्या नोकरकपातीच्या, पगाराच्या पॅकेजच्या, नाहीतर हिंजवडीच्या रस्त्यांवरील कोंडीच्या. कामाच्या रचनेतच मुरलेल्या एका दुखण्याची चर्चा मात्र कंपन्यांच्या भिंतींबाहेर येत नाही. ‘डेव्हऑप्स’ ही कार्यपद्धती, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणे आणि ते चालवणे एकाच टीमने सांभाळणे, अर्धवट स्वीकारल्यामुळे दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या अभियंत्यांवर जो भार पडतो आहे, त्याबद्दल हे पत्र आहे. या क्षेत्राबाहेरच्या वाचकांचाही याच्याशी संबंध आहे. बँकेचे अ‍ॅप, रुग्णालयाची नोंदणी, विम्याचा दावा, तिकिटांचे आरक्षण ज्या यंत्रणांवर चालते, त्या रात्री-अपरात्री सावरणारी माणसे हीच आहेत.

आमचे म्हणणे असे की, कंपन्यांनी डेव्हऑप्समधली अवजारे घेतली. ती चालवायला लागणारी माणसे, वेळ आणि अधिकारांची वाटणी घेतली नाही. सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालवणारा जुना ऑपरेशन्स विभाग बंद झाला, पण त्याचे काम कुठे गेले नाही. ते प्रत्येक टीममधल्या दोन-तीन जाणत्यांच्या अंगावर आले, आणि त्यांचे आधीचे काम जसेच्या तसे राहिले.

मूळ विचार चांगला होता. पूर्वी सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे आणि ते सर्व्हरवर चालवणारे वेगळे असत. लिहिणाऱ्यांना बदल लवकर बाहेर काढायचे असत, चालवणाऱ्यांना काहीही हलायला नको असे. अ‍ॅमेझॉनचे तंत्रप्रमुख वर्नर व्होगेल्स यांनी २००६ मध्ये एका मुलाखतीत त्यांच्याकडची रीत सांगितली होती: ज्याने बांधले त्यानेच चालवायचे. जून २००९ मध्ये फ्लिकर या फोटो-संकेतस्थळाचे जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत, दिवसाला दहाहून अधिक वेळा बदल प्रॉडक्शनमध्ये (ग्राहक वापरतात त्या चालू यंत्रणेत) कसे नेता येतात ते मांडले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर बेल्जियममधल्या गेंट शहरात पॅट्रिक डेब्वा यांनी पहिली ‘डेव्हऑप्सडेज’ परिषद भरवली आणि हे नाव रूढ झाले. या साऱ्यामागे एक अट होती. जो रात्री फोन उचलतो, त्याच्याच हातात दुसऱ्या दिवशी दोष दुरुस्त करण्याचा वेळ आणि अधिकार असला पाहिजे. फोन त्याच्याकडे आणि वेळापत्रक दुसऱ्याकडे, अशी विभागणी झाली की या पद्धतीचा गाभाच निघून जातो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमके तेच झाले आहे.

एखाद्या ज्येष्ठ अभियंत्याकडे आज काय काय येते ते पाहा. आराखडा ठरवणे, इतरांचा कोड तपासणे आणि अवघड भाग स्वतः लिहिणे हे त्याचे मूळ काम. त्यात बिल्डची पाइपलाइन (कोड तपासून सर्व्हरपर्यंत नेणारी स्वयंचलित साखळी), डॉकरच्या इमेज (प्रोग्रॅमचे चालवायला तयार गठ्ठे), कुबरनेटीसच्या (ते गठ्ठे अनेक सर्व्हरवर चालवणाऱ्या यंत्रणेच्या) यॅमल फाइली, टेराफॉर्म (सर्व्हर उभारण्याचे अवजार), पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यांची व्यवस्था, लॉग (यंत्रणेने स्वतः ठेवलेल्या नोंदी), मॉनिटरिंग, क्लाउडचे बिल, सुरक्षा-स्कॅनरचे अहवाल आणि ऑन-कॉलची (बिघाडाचा फोन केव्हाही उचलण्याची) पाळी यांची भर पडली. पूर्वी यांतल्या प्रत्येक गोष्टीला सिस्टिम अ‍ॅडमिन, डीबीए (डेटाबेस सांभाळणारा), नेटवर्कवाला, रिलीज मॅनेजर असा कोणी ना कोणी धनी होता. आता कंपनीत ‘डेव्हऑप्स टीम’ नावाचे चार-पाच जण असतात. तिकीट (कामाची मागणी) टाकले की पाइपलाइन बनवून देणे एवढेच त्यांचे काम. ती पाइपलाइन रात्री अडली तर त्यांना आतला प्रोग्रॅम माहीत नसतो आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या नव्या मुलांना पाइपलाइन माहीत नसते. दोन्ही कळणारा माणूस एकच उरतो. फोन त्यालाच जातो.

पाइपलाइनचेच घ्या. बदल कोडमध्ये आला की चाचण्या आपोआप चालाव्यात आणि लाल दिवा लागला तर बदल अडावा, अशी अपेक्षा असते. पण चाचण्या भरवशाच्या नसतात. समजा १,००० चाचण्या आहेत आणि प्रत्येक चाचणी काही दोष नसताना हजारात एकदा उगाच पडते. म्हणजे एक चाचणी ९९.९ टक्के विश्वासार्ह आहे. तरीही सगळ्या एका वेळी पार पडण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के भरते. शंभरपैकी ६३ वेळा कारण नसताना लाल दिवा. एक फेरी चाळीस मिनिटांची असेल तर मुले ‘परत चालव’ हे बटण दाबायला शिकतात. काही आठवड्यांत लाल दिव्याला किंमत उरत नाही, आणि हा दिवा खरा की खोटा हे ठरवण्यासाठी ज्येष्ठाला हाक मारली जाते. उपाय सर्वांना ठाऊक आहे: उगाच पडणारी चाचणी त्याच दिवशी वेगळी काढायची, तिच्यावर मालकाचे नाव लिहायचे, ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करायची नाहीतर काढून टाकायची. त्यासाठी दर आठवड्याला काही तास राखून ठेवावे लागतात. स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या ठरावीक टप्प्याच्या, नियोजनात ते तास कोणी धरत नाही.

दुसरे दुखणे मायक्रोसर्व्हिसेसचे, म्हणजे एक मोठा प्रोग्रॅम अनेक लहान सेवांत फोडण्याचे. आठ जणांची टीम आणि तिच्या माथी तीस-चाळीस लहान सेवा, ही रचना आता सर्रास दिसते. प्रत्येक सेवेची डॉकरफाइल, पाइपलाइन, डॅशबोर्ड आणि गुप्त किल्ल्या वेगळ्या. कुबरनेटीसच्या वर्षाला तीन नव्या आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला सुमारे १४ महिने दुरुस्त्या मिळतात. म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठे स्थलांतर अटळ. ऑगस्ट २०२१ च्या १.२२ आवृत्तीत इनग्रेसचे (बाहेरची रहदारी सेवांकडे वळवणाऱ्या भागाचे) जुने एपीआय काढले गेले; ऑगस्ट २०२२ च्या १.२५ मध्ये पॉड सिक्युरिटी पॉलिसी (पॉड, म्हणजे सेवेची चालती प्रत, तिच्यासाठीचे सुरक्षा-नियम) गेली. दोन्ही वेळा चाळीस ठिकाणच्या फाइली कोणीतरी बसून बदलल्या. क्युबअ‍ॅडमने (कुबरनेटीस उभारणाऱ्या अवजाराने) स्वतः उभारलेल्या क्लस्टरची, म्हणजे सर्व्हरच्या समूहाची, अंतर्गत सर्टिफिकेटे तर एका वर्षाने संपतात. वर्षभर आवृत्ती बदलली नाही आणि सर्टिफिकेटेही कोणी हाताने नवी केली नाहीत, तर एके सकाळी क्लस्टर आज्ञाच घेईनासा होतो. नवे वैशिष्ट्य बाहेर पडले की टाळ्या पडतात. हे काम मात्र कोणत्याही प्रेझेंटेशनमध्ये येत नाही, म्हणून त्याला माणूस मिळत नाही.

अर्धवट ज्ञानाने केलेली मांडणी किती महागात पडते, याचा एक नमुना फार ठिकाणी दिसतो. सेवा जिवंत आहे का हे कुबरनेटीस ‘लाइव्हनेस प्रोब’ने तपासते. काही वेगळे सांगितले नाही तर ही तपासणी दर १० सेकंदांनी होते, उत्तरासाठी १ सेकंद वाट पाहते आणि लागोपाठ ३ वेळा उत्तर आले नाही की कंटेनर (सेवेचा चालता गठ्ठा) बंद करून पुन्हा सुरू करते. इंटरनेटवरून उचललेल्या नमुन्यात कोणीतरी या तपासणीतच डेटाबेसला प्रश्न विचारून ठेवलेला असतो. डेटाबेस अर्धा मिनिट मंदावला की चाळीसच्या चाळीस सेवा स्वतःला मारून घेतात, पुन्हा उठतात, सगळ्या एकदम डेटाबेसकडे नव्या जोडण्या मागतात आणि मंदावलेला डेटाबेस पुरता आडवा होतो. अर्ध्या मिनिटाची कुरबुर दोन तासांचा बंद होते. लाइव्हनेसमध्ये फक्त स्वतःची प्रक्रिया जिवंत आहे का एवढेच पाहावे, आणि डेटाबेसवर अवलंबून असलेली तपासणी रेडिनेसमध्ये (सेवा काम घ्यायला तयार आहे का हे पाहणाऱ्या वेगळ्या तपासणीत) ठेवायची असली तर तीही जपून, हे ज्याला माहीत आहे त्याने एकदा सामायिक नमुन्यात लिहून ठेवले की चाळीस ठिकाणचा प्रश्न मिटतो. पण त्याला नमुना लिहायला दोन आठवडे मोकळे मिळत नाहीत; त्याच्या नशिबी चाळीस वेगवेगळ्या फाइलींचे रिव्ह्यू येतात.

टेराफॉर्मची गतही तशीच. सर्व्हर आणि नेटवर्कची मांडणी फाइलीत लिहायची आणि प्रत्यक्षात तेच उभे राहील याची खात्री करायची, ही कल्पना फार उपयोगी आहे. पण रात्री दोन वाजता बंद पडलेली सेवा उठवताना ज्येष्ठ अभियंता क्लाउडच्या कन्सोलवर जाऊन हातानेच डेटाबेसचा आकार वाढवतो, कारण पाइपलाइनमधून जायला पाऊण तास लागतो. सकाळी नऊला पुढची बैठक असते, फाइल तशीच राहते. पंधरा दिवसांनी एखादा नवा मुलगा वेगळ्याच कामासाठी टेराफॉर्म चालवतो आणि डेटाबेस मुकाट्याने पूर्वीच्या आकारावर येतो. मुलाची यात चूक काय? रात्रीच्या दुरुस्तीनंतर सकाळचे दोन तास फक्त आवराआवरीसाठी राखलेले नसतात, ही चूक आहे.

आता रात्रीच्या फोनांविषयी. भार सर्वांत जास्त इथे आहे आणि तो मोजणेही इथेच सोपे आहे. गूगलने आपल्या साइट रिलायबिलिटी (सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या) विभागाचे नियम २०१६ मध्ये जाहीर केले. त्यांत दुरुस्ती-देखभालीचे काम माणसाच्या वेळेच्या ५० टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायचे नाही, अशी मर्यादा आहे. १२ तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना हाताळायची वेळ येऊ नये, कारण एक घटना निस्तरणे, तिचे मूळ शोधणे आणि अहवाल लिहिणे यात मिळून सुमारे सहा तास जातात. चोवीस तासांची ऑन-कॉल पाळी एकाच ठिकाणाहून चालवायची असेल तर किमान आठ माणसे लागतात असा त्यांचा हिशेब आहे. आपल्या कंपन्यांनी गूगलचे शब्द घेतले, पदांची नावे घेतली; हे तीन आकडे घेतले नाहीत. इथे पाळी तिघांत फिरते. दर तिसरा आठवडा फोन उशाशी. शिवाय बाकीच्या दोन आठवड्यांतही ‘जरा बघ ना, तुलाच माहीत आहे’ म्हणून फोन येतोच.

त्यातले बहुतेक अलर्ट निरुपयोगी असतात. सीपीयू ८० टक्क्यांवर गेला, डिस्क ७० टक्के भरली, एक पॉड पुन्हा सुरू झाला, अशा गोष्टींवर माणूस उठवला जातो. वापरणाऱ्याला त्याचा काहीही त्रास झालेला नसतो. अलर्ट कारणांवर लावू नयेत, परिणामांवर लावावेत. लॉगिन अयशस्वी होत आहेत, पेमेंटला वेळ लागतो आहे, तर उठवा. हिशेबही घालून देता येतो. सेवा ९९.९ टक्के वेळ चालेल असे वचन असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे बंदची मुभा असते. या कोट्यातला २ टक्के भाग एकाच तासात खर्ची पडू लागला, म्हणजे चुकांचे प्रमाण सुमारे १.४४ टक्क्यांवर गेले, तरच रात्री फोन वाजवा. बाकीचे सकाळच्या यादीत टाका. आणि विक्री विभागाने ग्राहकाला ९९.९९ टक्क्यांचे वचन दिले असेल तर महिन्याला जेमतेम सव्वाचार मिनिटे उरतात. झोपलेल्या माणसाने उठून, लॅपटॉप उघडून, व्हीपीएन जोडेपर्यंतच ती संपतात. असे वचन माणसांच्या जिवावर पाळता येत नाही. त्यासाठी यंत्रणेने स्वतःहून दुसऱ्या केंद्रावर जाणे आणि स्वतःहून मागची आवृत्ती लावणे बांधावे लागते. ते बांधायला पैसे लागतात. करारावर सही करण्यापूर्वी हा हिशेब कोणीतरी अभियंत्याला विचारला पाहिजे.

पुण्या-मुंबईच्या संदर्भात वेळेच्या फरकाचा मुद्दा वेगळा लिहावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळी नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तिकडचा कामाचा दिवस संपेपर्यंत इथे मध्यरात्र उलटते. रिलीज तिकडच्या शनिवारी रात्री दहाला ठेवले, तर कॅलिफोर्नियाच्या उन्हाळी वेळेने इथे रविवारी सकाळी साडेदहा. म्हणजे आठवड्याच्या रात्री बैठकांना आणि रविवार रिलीजला. ज्येष्ठांनाच ग्राहकाशी बोलावे लागते, म्हणून बैठकीलाही तेच आणि रिलीजलाही तेच. शिवाय बऱ्याच ग्राहकांनी जुनी चेंज-मंजुरीची समिती तशीच ठेवली आहे. पाइपलाइन आली तरी १२ पानांचा चेंज फॉर्म भरायचा, चार सह्या घ्यायच्या, मग रात्रीच्या कॉलवर वीस माणसांसमोर बटण दाबायचे. जुनी पद्धत आणि नवी पद्धत, दोन्हींचा खर्च एकाच माणसाच्या खात्यात.

थकलेल्या माणसावर आणि न तपासलेल्या यंत्रणेवर भरवसा ठेवल्याने काय होते, याची दोन उदाहरणे सार्वजनिक नोंदीत आहेत. जुलै २०१२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअरदलाल कंपनीने नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर हाताने चढवला. आठव्यावर तो चढलाच नाही, आणि हे दुसऱ्या कोणी तपासावे असा लेखी नियम नव्हता. त्या सर्व्हरवर अनेक वर्षांपूर्वी वापरातून गेलेला कोड शिल्लक होता. नव्या प्रोग्रॅमने पुन्हा वापरलेल्या एका खुणेमुळे तो १ ऑगस्टला जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. त्या दिवशी बाजार उघडण्याआधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते, पण ते इशारे म्हणून वाचले जातील अशी व्यवस्थाच नव्हती. अमेरिकी बाजार नियामकाच्या २०१३ च्या आदेशात हे सगळे नोंदले आहे.

दुसरे उदाहरण गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीचे. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरापर्यंत डेटाबेसशी झगडणाऱ्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसायला सुरुवात केली. चूक कळून आज्ञा थांबवली तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. खरा धक्का पुढे होता. रोजचा बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता, कारण बॅकअपचे अवजार पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीच्या ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ चा. बॅकअप फसल्याचे ईमेल निघत होते, पण त्यांवर आवश्यक स्वाक्षरी नसल्याने ते मेल सर्व्हरच नाकारत होता. वाचवले ते योगायोगाने सहा तास आधी कोणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने (डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीने). सेवा अठरा तासांच्या आसपास बंद राहिली. गिटलॅबचे मोठेपण असे की, त्यांनी सारा तपशील जाहीर केला आणि एका अभियंत्याच्या माथी खापर फोडले नाही. आपल्याकडे अशा घटनेनंतर पहिला प्रश्न ‘कोणी केले’ हाच असतो. त्यामुळे पुढच्या वेळी कोणीही कनिष्ठ प्रॉडक्शनला हात लावत नाही, आणि किल्ल्या पुन्हा त्याच दोन ज्येष्ठांच्या खिशात जातात.

सुरक्षेच्या कामाचेही असेच झाले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतला दोष उघड झाला तेव्हा आपल्या कोणकोणत्या सेवेत ती आहे, हे सांगणारी यादीच बहुतेक ठिकाणी नव्हती. ज्यांच्या डोक्यात होती ते जागले. आपल्याकडच्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. नियम योग्यच आहेत. पण ती माहिती गोळा करणारा आणि त्याच वेळी बिघाड दुरुस्त करणारा माणूस एकच असेल तर दोन्ही कामे बिघडतात. बिघाड सुरू असताना दुरुस्ती करणारा एक, समन्वय आणि निरोप सांभाळणारा दुसरा आणि नोंदी करणारा तिसरा असे वाटप आधीच लिहून ठेवले पाहिजे. निरोप सांभाळायला आणि नोंदी करायला दोन वर्षांच्या अनुभवाचा माणूस पुरतो, आणि तो त्यातूनच शिकतो.

पुढच्या काही वर्षांत हा भार आणखी वाढणार आहे, त्याची तारीख ठरलेली आहे. वेबसाइटच्या सार्वजनिक सर्टिफिकेटांची मुदत पूर्वी ३९८ दिवसांपर्यंत असे. ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस असा निर्णय सीए-ब्राउझर फोरमने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंडळाने) एप्रिल २०२५ मध्ये घेतला. ज्या कंपनीत ६० सर्टिफिकेटे आजही कोणीतरी कॅलेंडर पाहून हाताने बदलतो, तिथे पूर्वी वर्षाला साठ वेळा होणारे काम २०२९ नंतर साडेचारशेहून अधिक वेळा करावे लागेल. एसीएमई या सर्टिफिकेट आपोआप मिळवण्याच्या पद्धतीने हे पूर्ण स्वयंचलित करता येते, मुदतीचा एक तृतीयांश भाग उरला की नूतनीकरण आपोआप होते. ते बसवायला आज माणूस दिला नाही, तर हाही भार कोणाच्या अंगावर पडणार हे वेगळे सांगायला नको.

यावर करता येण्यासारखे बरेच आहे. सुरुवात मोजणीने करावी. टीममधल्या प्रत्येकाने सलग चार आठवडे, ठरलेल्या कामाबाहेर आलेली प्रत्येक अडचण एका ओळीत लिहावी: वेळ, कोणी विचारले, किती मिनिटे गेली, पुन्हा येईल का. ज्येष्ठांच्या वेळेतला निम्म्याहून अधिक भाग त्यात जात असेल, तर पुढच्या तिमाहीत नवी वैशिष्ट्ये कमी करून वारंवार येणाऱ्या पहिल्या पाच गोष्टी कायमच्या संपवाव्यात. महिन्याभरात ज्या अलर्टवर कोणी काहीच केले नाही तो काढून टाकावा, आणि जो ठेवला त्याच्यासोबत काय पाहायचे, कोणती आज्ञा द्यायची, कधी दुसऱ्याला उठवायचे हे लिहिलेले एक पान असावे. ते पान लिहिणाऱ्याने नव्हे, टीममधल्या सर्वांत नव्या माणसाने वापरून पाहावे. जिथे तो अडेल तिथे पान अपुरे.

रोलबॅक, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परतणे, एका आज्ञेत आणि पाच मिनिटांच्या आत झाला पाहिजे. बहुतेक ठिकाणी तो होत नाही, कारण डेटाबेसमधला बदल मागे घेता येत नाही. त्याची रीत ठरलेली आहे: कॉलमचे नाव बदलायचे तर एका रिलीजमध्ये नवा कॉलम जोडायचा, पुढच्यात दोन्हींत लिहायचे, जुना डेटा थोडा थोडा करून भरायचा, मग वाचन नव्याकडे वळवायचे आणि सगळे स्थिर झाल्यावरच जुना काढायचा. प्रत्येक टप्प्यावर एक पाऊल मागे येता येते. पोस्टग्रेसमध्ये टेबलावर फेरबदलाची आज्ञा देताना आधीच एखादा लांबलेला व्यवहार सुरू असेल, तर ती आज्ञा रांगेत थांबते आणि तिच्यामागे साधी वाचनेही अडतात. म्हणून टेबलाचे कुलूप मिळण्यासाठी थांबण्याची मुदत दोन-तीन सेकंदांवर बांधायची, नाही मिळाले तर आज्ञा सोडून देऊन पुन्हा प्रयत्न करायचा. मोठ्या टेबलावर इंडेक्स बांधायचा तर ‘कॉन्करंटली’ पद्धतीने, नाहीतर लिहिणे बंद पडते. या गोष्टी आज ज्येष्ठ अभियंता रात्री रिव्ह्यू करताना डोळ्यांनी शोधतो. पाइपलाइनमध्ये तपासनीस प्रोग्रॅम बसवला तर तो माणूस मोकळा होतो.

बॅकअप घेतला म्हणजे काम झाले असे मानू नये. महिन्यातून एकदा तो प्रत्यक्ष उतरवून पाहावा, किती वेळ लागला ते घड्याळाने मोजावे, आणि हे काम दर वेळी वेगळ्या माणसाने करावे. प्रॉडक्शनचे अधिकार दोघांच्या नावावर कायम ठेवण्यापेक्षा पाळीवरच्या माणसाला तासाभरापुरते, नोंदीसह मिळतील अशी सोय करावी. चाळीस सेवांसाठी चाळीस पाइपलाइन न ठेवता एक सामायिक नमुना असावा आणि तो सांभाळणाऱ्या तीन-चार जणांची वेगळी प्लॅटफॉर्म टीम असावी. तिकिटे निस्तरणे हे तिचे काम नाही. इतर टीमना विचारावेच लागू नये अशी वाट बांधून देणे, हे आहे. आठ माणसे जिथे शक्य नाहीत, तिथे दोन टीमची पाळी एकत्र करावी, किंवा रात्रीचे वचन कमी करावे.

पैशाचा आणि कायद्याचा प्रश्न शेवटी येतोच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट मोबदल्याची तरतूद आहे, पण व्यवस्थापकीय व पर्यवेक्षी स्वरूपाच्या पदांना ती लागू होत नाही. ‘लीड’ किंवा ‘आर्किटेक्ट’ असे पद दिले की ज्येष्ठ अभियंता त्या कक्षेबाहेर धरला जातो, मग त्याच्या हाताखाली कोणी असो वा नसो. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी त्या धर्तीचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले, ते अजून कायदा झालेले नाही. कायद्याची वाट न पाहताही कंपन्यांना तीन गोष्टी करता येतील. ऑन-कॉल पाळी किती आठवड्यांतून एकदा, तिचा भत्ता किती, आणि रात्री फोन आला तर दुसऱ्या दिवशी किती तास सुट्टी, हे नेमणूकपत्रात लेखी द्यावे. ग्राहकाच्या करारात चोवीस तासांच्या देखभालीची किंमत वेगळी ओळ म्हणून दाखवावी, म्हणजे ती फुकटात गृहीत धरली जाणार नाही. आणि अप्रेझलमध्ये बंद केलेले अलर्ट, लिहिलेली रनबुके (बिघाडात काय करायचे ते सांगणारी पाने), तयार केलेले कनिष्ठ यांना नव्या वैशिष्ट्यांइतकेच गुण द्यावेत. पुणे-मुंबईतल्या मनुष्यबळ विभागांनी यातला पहिला मुद्दा येत्या आर्थिक वर्षाच्या नेमणूकपत्रांपासून अमलात आणावा, अशी आमची मागणी आहे.

आपले,
काही ज्येष्ठ सॉफ्टवेअर अभियंते, बाणेर, पुणे